स्टेजखालचा बास

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न मी आधी स्वतःच विचारून घेतो, म्हणजे वाचणाऱ्याला तो विचारावा लागणार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई घरी. लिहिणं हे आपलं काम नव्हे असंच मला वाटत आलंय, आणि माणसांवर लिहायचं तर मोठ्या लेखकांनी मोठ्या माणसांवर, असंही वाटत होतं. मी मोठा लेखक नाही. आमचे घरमालक काका मोठे आहेत की नाहीत, हे मला ठरवता येत नाही. पण कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "शर्ट उलटा घालणाऱ्या घरमालकाबद्दल वर्गात बोलतोस ना, तेच लिही." म्हणून लिहितोय. त्यात वाद्यांबद्दल जे येईल ते मी फक्त पाहिलेलं आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. जाणकारांना त्यात काही चुकीचं दिसलं तर चूक माझी समजावी, काकांची नाही.

नाव लिहायचं नाही, अशी त्यांची अट आहे. मी फोनवर परवानगी मागितली तेव्हा म्हणाले, "नाव लिहिलंस तर लोक बघायला येतील आणि मला शर्ट सरळ घालावा लागेल."

नारपोलीत आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. आई-वडील अजून तिथेच आहेत. पुढे ते आणि काकू, मागे आम्ही, मध्ये एक सामायिक मोरी. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. खडखडाट इतका की आमच्याकडे पाहुणे आले की पहिला दिवस ते ओरडून बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी गप्प बसायचे. काका पाण्याच्या खात्यात व्हॉल्वमन होते. कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. जमिनीखाली पाइप फुटला की गळती शोधायला ते एक लोखंडी सळी घेऊन जायचे. सळीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं, काका रस्त्याला काहीतरी विचारतायत.

ही सवय घरातही होती. दाराला, माठाला, कलिंगडाला कान लावायचे. नवं पातेलं आणलं की काकूंच्या आधी ते त्यावर टिचकी मारायचे. काकू म्हणायच्या, "लग्नाआधी बघायला आले होते तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलले नाहीत. आमच्या दरवाज्याला कान लावून बसले होते." काका म्हणायचे, "सागवानी होता." यावर त्यांचं दोघांचं भांडण होत नसे. मला वाटतं ते त्यांचं प्रेमाचं बोलणं होतं.

काका एका गायन पार्टीत बास गिटार वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत या पार्टीला गावोगाव मागणी असे. गाणारे शाहीर, ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि काका. बास हे वाद्य असं आहे की ते वाजत असताना कुणाचं लक्ष नसतं आणि थांबलं की सगळ्यांना काहीतरी सांडल्यासारखं वाटतं. काकांच्या बासला मानेवर आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नव्हते. साधी गुळगुळीत लाकडी पट्टी. बोट कुठे ठेवायचं ते कानाने शोधायचं. थोडं चुकलं तर सरकवून घ्यायचं. खुणा करून ठेवा की, असं कुणी म्हटलं तर ते विचारायचे, "तू जेवताना तोंडावर खूण करतोस का?"

पण लोक त्यांना चक्रम म्हणायचे ते फ्रेटसाठी नाही, पिकअपसाठी. मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांच्या खाली चुंबक असतं. तार हलली की ते ओळखतं आणि तेवढंच पुढे स्पीकरला पाठवतं. काकांच्या बासलाही पूर्वी अशी दोन चुंबकं होती. नारपोलीत चहूकडे मोटरी. बास लावला की चुंबकातून आधी त्या मोटरींची घूं यायची, मग गाणं. वैतागून काकांनी एके दिवशी दोन्ही चुंबकं उपटली. जिथे खड्डे राहिले तिथे जुन्या मागाच्या धोट्याचं, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या शटलचं, लाकूड कापून बसवलं. आणि जिथे तारा खाली टेकतात त्या ब्रिजमध्ये पिझो घातले. पिझो म्हणजे गॅसच्या लायटरमध्ये जी वस्तू दाबल्यावर ठिणगी पडते, तिचीच बहीण. तिला लोखंड कळत नाही, मोटर कळत नाही. तिला फक्त दाब आणि थरथर कळते. काकू लायटर कपाटात ठेवायला लागल्या. म्हणाल्या, "एक दिवस माझी शेगडीपण वाजवतील."

पिझो आणि चुंबक दोन्ही ठेवतात, दोघांचा आवाज मिसळतात, असं पार्टीतल्या कीबोर्डवाल्याने त्यांना सांगितलं होतं. काकांना ते पटलं नाही. ते म्हणाले, चुंबकाने बास गातो, म्वांऽऽ करून गोड गातो, आणि तुमची चूक त्या गोडात झाकून टाकतो. "मला गोड नको. भाकरी पाहिजे."

घूं गेली, पण नवी पंचाईत झाली. पिझो सगळं ऐकतो. बोट तारेवर पडलं ते, नख लागलं ते, बासच्या अंगाला मनगटातलं घड्याळ घासलं तेही. शर्टाचं बटण लागलं तर स्पीकरमधून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं व्हायचं. म्हणून काका कार्यक्रमाला शर्ट उलटा घालायचे. बटणं पाठीवर. निघण्याआधी काकू त्यांच्या मागे उभ्या राहून एकेक बटण लावायच्या आणि लावताना बोलून घ्यायच्या, कारण तेवढा वेळ काकांना हलता येत नसे. घरातले बरेचसे निर्णय त्या बटणांच्या वेळात झाले असावेत.

आणि मग ती सळी. रिटायर झाल्यावर पाण्याच्या खात्यातली सळी त्यांच्याकडेच राहिली. तिचा तुकडा त्यांनी बासच्या बुडाला बसवून घेतला. आता बास गळ्यात अडकवायचा नाही. एका पायावर उभा करायचा, छातीला टेकवायचा आणि वाजवायचा. सळी जमिनीत टेकली की आवाज बदलायचा. सुका, ठणठणीत, पण पोटातून आलेला. असा आवाज त्यांना का हवा होता, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पहाटे मोठ्या लाइनला पाणी सुटतं तेव्हा सळीतून जे ऐकू येतं, ते त्यांना वाजवायचं होतं. "पाणी वर आलं की खळखळतं. खाली असतं तेव्हा बोलतं. ऐकू येतंय का मी काय म्हणतो ते?" हे त्यांचं पालुपद होतं. आपण "काय?" म्हटलं की म्हणायचे, "मग राहू दे."

घरी वाजवायचं तर शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद असतात. बाकीच्या दिवशी लूमने जमीनच हलत असते आणि सळीतून ती सगळी बासमध्ये चढते. शुक्रवारी सकाळी शेजारचा मशिदीकडे निघालेला लूमवाला चाचा खिडकीपाशी थांबून म्हणायचा, "आज पाइप में क्या आया?" काका आतूनच दोन सूर वाजवून दाखवायचे. चाचा मान डोलवून पुढे जायचा. मी तेव्हा दारात पुस्तक घेऊन बसायचो. शांततेत अभ्यास करायची सवय नसल्यामुळे मला शुक्रवारी काही आठवायचं नाही. काकांचा बास सुरू झाला की आठवायला लागायचं.

माझे वडील गणेशपुरीकडचे. लूमवर राहून त्यांचे कान गेल्यासारखेच आहेत. गाणं बिणं त्यांनी सोडून दिलं होतं. एका शुक्रवारी काकांनी त्यांना बोलावलं, बासच्या वरच्या टोकावर हनुवटी टेकवायला लावली आणि खालची जाड तार छेडली. वडील दचकले. मग तिथेच टेकून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हाय. येतंय." काकांना मी इतकं खूश कधी पाहिलं नाही. संध्याकाळी त्यांनी काकूंना आणि माझ्या आईला ही गोष्ट वेगवेगळी सांगितली, जणू दोघी तेव्हा तिथे नव्हत्याच.

आता शाहिरांबद्दल. शाहीर चांगले होते. पार्टी त्यांनीच उभी केलेली. काकांचा बास त्यांना पहिल्यांदा अजिबात आवडला नाही. विचारलं, "हे गिटार आहे का खाट?" पण त्यांचा स्वतःचा आवाज खालच्या पट्टीतला होता, आणि चुंबकाचा बास त्यावर गोधडी टाकायचा. पिझोचा बास त्यांच्या आवाजाच्या शेजारी उभा राहायचा. शब्द मोकळे ऐकू यायचे. हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते बोलायचे बंद झाले. त्यांच्याकडे कौतुकाची ती पद्धत होती.

अडचण स्टेजची होती. मंडपवाले लोखंडी घोड्यांवर प्लायच्या फळ्या टाकतात. आतून पोकळ. त्यावर ढोलकीवाला पाय आपटतो, कुणी हार घालायला चढतं, पोरं नाचतात. काकांच्या सळीतून ते सगळं वर चढायचं आणि स्पीकरमधून ढगासारखं गडगडायचं. सळी काढून, बास गळ्यात घालून बघितला, तरी पायातून थोडं यायचंच, आणि काकांचा सूर बिघडायचा तो वेगळाच. मग त्यांनी त्यांच्या परीने उपाय शोधला. ते स्टेजवरून खाली उतरले. स्टेजच्या बाजूला, पक्क्या जमिनीवर, सळी रोवून उभे राहिले. वायर तेवढी वर गेलेली. आवाज असा आला की शाहिरांनी गाता गाता खाली वाकून पाहिलं.

त्यानंतर काका खालीच उभे राहायला लागले. सगळी पार्टी वर, झगमगाटात, आणि हा एक उलट्या शर्टाचा माणूस खाली, लाउडस्पीकरच्या खोक्याशेजारी.

काकूंना हे सहन झालं नाही. एका कार्यक्रमाआधी त्या बटणं लावत होत्या तेव्हा मी मोरीपाशी होतो, म्हणून मला ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "माझा बाप लग्नात वाजवायचा. मांडवाच्या बाहेर उभा राहून. जेवणंसुद्धा बाहेरच. मांडवात घ्यायचे नाहीत त्याला. तुम्हाला कुणी अडवलं नाही, जिना समोर आहे, आणि तुम्ही आपण होऊन खाली उभे राहता."

काका म्हणाले, "तो बाहेर होता. मी जमिनीवर आहे."

"बघणाऱ्याला फरक कळत नाही."

काकांनी बास उचलला. बटणंही संपली होती.

कोन गावच्या कार्यक्रमात काकूंचं म्हणणं खरं ठरलं. मीही गेलो होतो, वडिलांना घेऊन. संध्याकाळची वेळ, विहाराच्या मागचं मैदान, गर्दी चांगली. दुसरं गाणं चालू असताना मंडळाच्या पोरांचं लक्ष काकांकडे गेलं. वयस्कर माणूस, पांढरे केस, खाली एकटा उभा, आणि तरुण मंडळी वर. पोरांनी आपसात काहीतरी ठरवलं आणि गाणं थांबवलं. एकाने माइक घेतला. "शाहीर, माफ करा, पन ये आमच्या गावात न्हाय चालायचं. आपला मानूस खाली उभा करता? कुनी केला त्याला खाली?"

शाहीर समजावायला लागले, की अहो तो स्वतःच. काका हात हलवून सांगत होते. पण पोरांनी ऐकून घेतलं नाही. चौघांनी काकांना उचललं, बाससकट, आणि टाळ्यांच्या गजरात स्टेजवर आणून उभं केलं. गळ्यात हार. गर्दी उठून उभी राहिली. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी होतं. आणि खरं सांगतो, मला स्वतःला त्या क्षणी बरं वाटलं. बायकांच्या घोळक्यात मी काकूंकडे पाहिलं. त्या पदर सावरत होत्या आणि ताठ बसल्या होत्या.

गाणं पुन्हा सुरू झालं. पोरं आनंदाने वरच नाचायला लागली. पहिल्या उडीला स्पीकरमधून असा आवाज आला की मागची माणसं आभाळाकडे बघायला लागली. काका वाजवतायत ते कळेना, शाहीर गातायत ते कळेना. नुसती धडधड. हाराची फुलं बासला घासून आणखी खरखर. साउंडवाल्याने शेवटी काकांची वायरच काढली. उरलेला कार्यक्रम काका स्टेजवर उभे राहून वाजवत होते आणि एक सूरही बाहेर येत नव्हता. ते थांबले मात्र नाहीत. हार गळ्यात, बोटं जागेवर, तोंडावर तोच शांतपणा. मला वाटतं फक्त माझ्या वडिलांना ते समजलं असावं. न ऐकू येणारं वाजताना बघायची त्यांना सवय आहे.

ही गोष्ट पसरली, पण उलटी पसरली. अमुक पार्टी आपल्या म्हाताऱ्या बासवाल्याला खाली उभं करते, अशी. पुढच्या गावाने आमंत्रण देतानाच बजावलं की सगळे वर पाहिजेत. शाहीर घरी आले. चहा घेतला. मग त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. खाली उभे राहिलात तर पार्टीची अब्रू जाते. वर उभे राहिलात तर गाणं जातं. चुंबक परत लावा, मग वर उभे राहा, कुणाला काही अडचण नाही. नाहीतर खालचे सूर कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवील.

काकांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला कशाने नीट ऐकू येतं? चुंबकाने, का आत्ता आहे असं?"

शाहीर म्हणाले, "असं. पण मला लोकांना तोंड द्यायचंय."

काका म्हणाले, "मग वाजवू द्या त्याला डाव्या हाताने."

तेवढ्यावर एवढ्या वर्षांची पार्टी सुटली. कुणी आवाज चढवला नाही. शाहीर जाताना दारात थांबले, पायात चप्पल घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि गेले.

काका त्याने खचले असं मी लिहिलं तर खोटं होईल. ते शुक्रवारी वाजवत राहिले. चाचा पाइपमध्ये काय आलं ते विचारत राहिला. पण जयंतीचे दिवस आले, गल्लीतून दुसऱ्या पार्ट्यांचे टेम्पो जायला लागले, तेव्हा ते दुपारीच झोपायला लागले. दुपारी झोपणारा माणूस नव्हता तो. काकूंचं तर विचित्र झालं होतं. ज्या उभं राहण्याचा त्यांना राग, ते बंद झालं, आणि शर्टाची बटणं लावायला कुणी पाठ करून उभं राहिना. एकदा आईला म्हणाल्या, "खाली तर खाली, जाऊ द्यायला पाहिजे होतं. आता मी कुणावर चिडू?"

मग मला पुण्याला ॲडमिशन मिळाली. निघताना काकांनी माझ्या होस्टेलच्या पेटीला कान लावला, टिचकी मारली आणि "चालेल" म्हणाले. तिथून पुढचं मला फोनवरूनच कळत आलं. कळत आलं म्हणजे, कळेनासंच झालं. वडिलांना फोनवर ऐकू येत नाही, आई तब्येतीचं सोडून काही सांगत नाही, आणि काकांना विचारलं तर ते मलाच विचारायचे की तिकडे पाणी किती वेळ येतं. पार्टीचा विषय काढला की म्हणायचे, "राहू दे."

गेल्या आठवड्यात सकाळी नाश्त्याच्या रांगेत उभा होतो तेव्हा काकूंचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत. मी घाबरून रांगेतून बाहेर आलो.

काकूंनी सुरुवातीपासून सांगितलं, घाई न करता. कोनची ती पोरं, ज्यांनी काकांना उचललं होतं, ती घरी आली होती. आपल्यामुळे काकांचं वाजवणं सुटलं, हे त्यांना शाहिरांकडून कळलं होतं. माफी बिफी काही मागितली नाही. काका, तुम्हाला काय लागतं ते सांगा, म्हणाली. काका म्हणाले, पोकळ नसलेली जागा. पोरं गेली. विहाराच्या मागे, जिथे दरवर्षी स्टेज लागतं तिथे, त्यांनी सुट्टीच्या दिवशी दगड टाकले, मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकून घट्ट केला, वरून सिमेंटचा कोबा केला. स्टेजच्या उंचीचा ओटा. एका माणसाला आणि एका बासला पुरेल एवढा. जमिनीतून वर आलेला, आतून भरीव. वर चढायला तीन पायऱ्यासुद्धा. मग शाहिरांना जाऊन सांगितलं की आता स्टेज याच्या शेजारी लावायचं, मध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे फळ्यांची धडधड ओट्यात उतरणार नाही. आणि फोनच्या आदल्याच संध्याकाळी कोनचा कार्यक्रम झाला. काका ओट्यावर होते आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात खालच्या सुरांतून मोकळा झाला होता.

मी विचारलं, "मग काकू, आवाज कसा आला? गडगडलं नाही ना?"

"आवाजाचं तुझ्या बापाला विचार, तो ओट्याला हात लावून उभा होता," काकू म्हणाल्या. "मला काय विचारतोस. मी बघत होते."